लाल गाडीला मिळालेला कौल

चहा आधी ओता. हा प्रसंग कोरड्या घशाने सांगण्यासारखा नाही. आणि एक अट. हसायचं तेवढं हसा, पण मध्येच 'आम्ही सांगितलं होतं' असं कुणी म्हणायचं नाही. आमच्या घरात ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे आहे, आणि तिने तो इतका मनसोक्त वापरला आहे की इतरांसाठी काही शिल्लकच उरलेलं नाही.

तर, गाडी. लाल, दोनच माणसांची, कापडी छताची, आणि जमिनीपासून इतकी बुटकी की आमच्या वाडीतली कोंबडी तिच्या बॉनेटवर चढताना पंखसुद्धा उघडत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने निवृत्तीनंतर अशी शर्यतीची गाडी घ्यावी का, या विषयावर महाडात पुष्कळ चर्चा झाली. होऊ दे! ज्याने आयुष्यभर इतरांच्या देवांची, भुतांची आणि लग्नगीतांची वर्गवारी केली, त्याने एखादी वस्तू केवळ आवडली म्हणून घेऊ नये, असा कुठल्या शास्त्रात दंडक आहे?

वाद गाडीचा नव्हताच. वाद होता पावसाचा. आमच्या नाते गावाच्या आसपास पाऊस पाहुण्यासारखा येत नाही. घरजावयासारखा येतो आणि राहतो. त्यामुळे मृगापासून दसऱ्यापर्यंत गाडी गोठ्यात, ताडपत्रीखाली, असा आमच्या घरचा शिरस्ता पडला होता. अर्धं वर्ष ती गाडी आणि अर्धं वर्ष ती ठेव! यंदा आषाढात मी मनाशी ठरवलं, हे चालणार नाही. पावसात न निघणारं वाहन महाड तालुक्यात बाळगायचं, तर त्यापेक्षा देव्हारा घ्यावा. त्याला निदान चाकं तरी नसतात.

निमित्तही उत्तम मिळालं. माझी एक जुनी विद्यार्थिनी पोलादपूरला एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिने व्याख्यानाला बोलावलं. विषय, 'ग्रामदैवते आणि सामूहिक निर्णय'. शिवाय फोनवर म्हणाली, "सर, लाल गाडीनं या हं. मुलांना बघायचीय." आता तुम्हीच सांगा, हे ऐकल्यावर एसटीने जाणारा माणूस स्वाभिमानी म्हणावा का?

त्या सकाळी पाऊस असा लागला होता की समोरचा डोंगर आहे हे केवळ आठवणीने मानायचं. मी गोठ्यात जाऊन ताडपत्री ओढली. मागे सौभाग्यवती, म्हणजे सुमन, येऊन उभी.

"अहो, हे काय चाललंय?"

"पोलादपूरला निघतोय."

"ह्या पावसात? ह्या गाडीनं?"

"पाऊस तिच्यासाठी पडत नाहीये. सर्वांसाठी पडतोय."

एवढ्यात शेजारचा पांडू डोकावला. पांडू मुंबईत अनेक वर्षं टॅक्सी चालवून गावी परतलेला. आता जीप ठेवून आहे, आणि वाहनाविषयी कुणी काही बोललं की त्याला आमंत्रण लागत नाही.

"सर, ही गाडी बारिशवाली नाय. खालनं पाणी घुसंल. माझी जीप काढतो, आरामात जाऊ."

"पांडू, तुझी जीप चिखलात चालते याचा मला अभिमान आहे. पण आज मी लाल गाडीनेच जाणार."

"वहिनी, तुमी तरी सांगा."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मग अत्यंत शांतपणे म्हणाली, "आयुष्यभर कौलावर व्याख्यानं दिलीत ना? मग लावा कौल. सोमजाई हो म्हणाली तर मी एक अक्षर बोलणार नाही."

तुम्हाला वाटेल, मी चिडलो असेन. छे! मनातल्या मनात मी टाळी वाजवली. का, ते सांगतो. ग्रामदेवीला कौल लावणं म्हणजे गुरव मूर्तीला स्नान घालतो, ओल्या पाषाणावर दोन्ही खांद्यांशी एकेक पाकळी चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या देवळात देवीच्या उजव्या अंगाला भिंतीत एक झरोका आहे. पावसाळी वारा नेमका तिथून आत घुसतो. त्यामुळे उजवा खांदा लवकर वाळतो आणि पावसाळ्यात आमच्या देवीचा कल होकाराकडे असतो, हे माझं जुनं आणि आजवर अप्रकाशित निरीक्षण होतं. कशाला प्रकाशित करायचं? काही ज्ञान अडीअडचणीसाठी राखून ठेवावं.

"लावू या कौल," मी उदारपणे म्हणालो.

वाडीत बातमी पोचायला फोन लागत नाही. आम्ही देवळात पोचेपर्यंत अर्धी वाडी तिथे. लावणी उरकलेली, पाऊस थांबेना, कुणाला काम नाही. अशा वेळी सरांच्या गाडीचा कौल म्हणजे जत्राच! तुकाराम गुरवाने स्नान घातलं, पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

"आये सोमजाये, सर पोलादपूरला लाल गाडी घेऊन निघालेत. पाऊस तर तू बघत्येसच. गाडी न्यायची असंल तर उजवी दे, नाय तर डावी दे, आनि लेकराला सांभाळ!"

"व्हय गो आये!" वाडीने साथ दिली.

लेकरू, म्हणजे मी, डोळे मिटून हात जोडून निश्चिंत उभा. टप्. डोळे उघडले. डावी पडलेली!

सुमनने पदर सावरला. पांडू जीपची किल्ली खिशातून काढू लागला. मी झरोक्याकडे पाहिलं तर काय, त्यावर फळी लावलेली.

"तुका, हा झरोका का लावलास?"

"झड येते ना सर आत."

"उघड तो!"

"आता? कौल झाला की."

"कौल झाला नाही, तुका. देवीचा श्वास कोंडून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणत नाहीत. फळी काढ आणि प्रश्न पुन्हा विचार. नीट मांडून विचार."

"सर," तुका कळवळून म्हणाला, "देवीची तोंडी परीक्षा नसतीय घ्यायची."

पण मी हटलो नाही. प्रश्नाची मांडणी, विचारण्याचा संदर्भ, पुनर्विचाराची लोकपरंपरेतली मुभा, या सगळ्यावर मी तिथेच इतकं बोललो की ते ऐकण्यापेक्षा फळी काढणं तुकाला सोपं वाटलं. वारा सूं करून आत आला. पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा "व्हय गो आये!" आणि काही क्षणांत उजवी पाकळी इतक्या लगबगीने खाली आली की जणू तिचीच एसटी चुकत होती.

"झालं!" मी म्हणालो. सुमनकडे विजयी कटाक्ष टाकला. गोष्ट इथे संपली असती तर तिला किस्सा कोण म्हणालं असतं?

मी वळलो, पण वाडी वळेना. सगळे देवीकडे टक लावून उभे. भागाआजी पुढे आली. भागाआजी म्हणजे वाडीतली सर्वांत वयस्क बाई. तिने माझं नाक पुसलेलं असल्यामुळे माझी कुठलीही पदवी तिला दिसत नाही.

"मधू, तुला कळलं का रे काय झालं?"

"कळलं, आजी. होकार मिळाला."

"होकार नाय. पयली नाय म्हनली. झरोका उघडला, बाहेर बघितलं, गाडी दिसली, मग व्हय म्हनली. आयला जायाचंय!"

"कुठे?"

"पोलादपूरला! बहिनीकडं!"

आणि साऱ्या देवळातून एकच हुंकार उठला. आमची सोमजाई थोरली आणि पोलादपूरच्या अंगाची देवी तिची धाकटी बहीण, अशी वाडीची श्रद्धा. दर आषाढात थोरलीकडून धाकटीला ओटी जाते. यंदा पावसाने ती राहून गेली होती. आता बघा, कशी साखळी जुळली! ओटी राहिली, देवी रुसली, पाऊस थांबेना, सर गाडी घेऊन निघाले, देवीने झरोक्यातून पाहिलं. एवढी निर्दोष संगती मला माझ्या प्रबंधातसुद्धा जमली नव्हती.

मी म्हणालो, "अहो, झरोका मी उघडायला लावला."

"तुला बुद्धी कुनी दिली?" भागाआजी म्हणाली.

यावर उत्तर होतं. खरं उत्तर होतं. 'मला वाऱ्याचा हिशेब ठाऊक होता म्हणून,' एवढंच सांगायचं होतं. पण शेजारी सुमन उभी होती, आणि तिच्यादेखत कौलात लबाडी केल्याचं कबूल करायचं म्हणजे गाडी कायमची ताडपत्रीखाली. मी गप्प राहिलो. लोकांनी ते मौन भक्तीच्या खात्यात जमा केलं.

बघता बघता ओटी सजली. मोठी टोपली, त्यात नारळ, खण, तांदूळ, बांगड्या, आणि वर आंब्याच्या डहाळ्यांचा उंच तुरा. ओटीचे नियम कडक. एकदा उचलली की वाटेत जमिनीला टेकवायची नाही, दुसऱ्या गाडीत हलवायची नाही, आणि निघाली की मागे फिरवायची नाही. ती मांडीवर धरायला भागाआजी.

आजी गाडीत बसली, म्हणजे आम्ही तिघांनी तिला खाली उतरवलं; त्या गाडीत बसणं हे आडात उतरण्यासारखंच आहे. मग मी छत ओढलं. ते तुऱ्याला अडलं.

"आजी, डहाळ्या काढू या का?"

"ओटीचा तुरा मोडतोस? छप्पर काढ की तुझं. नायतरी कापडाचंच हाय!"

अशा रीतीने, मंडळी, कोकणच्या आषाढात मी उघड्या गाडीने निघालो. डोक्यावर इरलं. शेतात लावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते, बांबूच्या काड्यांवर पानं बसवलेलं, होडी उलटी टाकावी तसं. आजीच्या डोक्यावर दुसरं. मधे तुरा. लांबून पाहणाऱ्याला लाल ताटात दोन मोठी कासवं आणि एक झाड चाललंय असं वाटत असणार. मागे पांडूची जीप, आणि तिच्यात सुमन, कोरडी ठणठणीत.

तरी सांगतो, पहिला पल्ला मी मान ताठ ठेवून काटला. गाडी पावसात चालते की नाही? चालत होती! आसनांचं कातडं पाणी पीत होतं, मांडीवर तळं साचत होतं, ब्रेक दाबला की पायाखालचं पाणी पुढे जाऊन परत येत होतं, हे सगळं खरं. पण चालत होती.

महाडच्या अलीकडे रस्त्यावर पाणी आलेलं. गढूळ, संथ, किती खोल ते न सांगणारं. मी थांबलो. खरं सांगू? त्या क्षणी माझं सगळं तत्त्वज्ञान बुटात उतरलं. माझी गाडी! जिच्यावर धूळ बसली तरी मी हळहळायचो, ती या पाण्यात घालायची? इंजिनात पाणी गेलं तर ती पुन्हा बोलेल याची खात्री नव्हती.

फोन वाजला. मागच्या जीपमधून सुमन.

"अहो, फिरायचं का मागे?"

तिचा सूर असा मऊ होता की मला रडू फुटावं. 'हो' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "मुळीच नाही! पाणी पाहून घाबरणारे आम्ही नव्हे!"

फोन ठेवला आणि हळूच आजीकडे वळलो. "आजी, समजा, केवळ अभ्यासाचा प्रश्न म्हणून विचारतो, ओटी मागे फिरवली तर काय होतं?"

"फिरवनाऱ्याचं वाटोळं होतं. चल."

घातली गाडी. पाणी दारांना थापट्या मारू लागलं. समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाने आमचं ध्यान पाहिलं, गाडी बाजूला घेतली आणि हात जोडले. त्याच्या मागे ट्रक थांबला. त्यानेही जोडले. पाणी सरलं, इंजिन दोनदा खोकलं आणि पुन्हा गुरगुरू लागलं. मी आनंदाने इतका मोठ्याने ओरडलो की आजी म्हणाली, "देव आलाय का रे अंगात?"

त्या वाक्याने घात केला. बाजूला छत्र्या धरून उभ्या असलेल्या माणसांनी ते ऐकलं. महाडच्या बाजारात शिरेपर्यंत आमच्यापुढे बातमी पोचलेली: सोमजाई लाल गाडीनं निघालीय, आणि मास्तरांच्या अंगात आलीय! एका बाईने माझ्याच पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. आधीच गुडघ्यापर्यंत होतं, म्हणून फरक काही पडला नाही, पण अभ्यासक म्हणून मला अवघडल्यासारखं झालं. कुणी मला कुंकू लावलं. पावसाने ते ओघळून नाकावर आलं. मी "अहो, मी प्राध्यापक आहे" असं सांगत होतो, आणि लोक "व्हय देवा, व्हय" म्हणत होते.

हमरस्त्याने पोलादपूर गाठलं तेव्हा वेशीवर खालू बाजा उभा! ढोल, सनई, आणि त्यांच्या पुढे माझी मुख्याध्यापिका विद्यार्थिनी, हातात आरतीचं ताट.

"अगं, व्याख्यान?"

"सर, मुलं देवळात आहेत. सगळेच देवळात आहेत. आधी ओटी."

भागाआजीने धाकट्या देवीसमोर टोपली टेकवली. मी कोपऱ्यात निथळत उभा. आणि तेवढ्यात, मंडळी, पाऊस थांबला. अगदी दार लोटल्यासारखा. ऊन पडलं! कित्येक दिवसांत न दिसलेलं ऊन, आणि ते नेमकं कुठे पडावं? बाहेर उभ्या असलेल्या त्या लाल गाडीवर.

 मग जो ढोल वाजला म्हणता!

मग शाळेत व्याख्यान झालं. मी ते हट्टाने दिलं. ओल्या धोतराने दिलं. पावसाचं थांबणं हा योगायोग आहे, समाज दोन स्वतंत्र घटना एका कथेत कशा ओवतो, हे मी मोठ्या तळमळीने समजावलं. सगळे कौतुकाने ऐकत होते. शेवटी पांडूने हात वर केला.

"सर, सगळं बरोबर. पन मग तुमी झरोका उघडायचा एवढा हट्ट का धरलात?"

सभागृह माझ्याकडे पाहू लागलं. पहिल्या रांगेत सुमन. सगळा चमत्कार एका वाक्यात खोटा पाडता आला असता, फक्त त्या वाक्याचा कर्ता मी होतो. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "प्रश्न उत्तम आहे. वेळेअभावी इथेच थांबू या."

टाळ्या!

घरी आल्यावर मी गाडी पुसत होतो. सुमन चहा घेऊन गोठ्यात आली. म्हटलं, आता तरी मन मोकळं करावं. "सुमन, त्या झरोक्याचं असं आहे की..."

"की तिथून वारा येतो आणि उजवी आधी पडते," ती म्हणाली. "मला लग्न झाल्या वर्षापासून ठाऊक आहे. म्हणून तर तुमचा बेत ओळखून सकाळीच तुकाला फळी लावायला सांगून आले होते."

मी फडकं पिळत बसलो. ह्यावर शोधनिबंधात तळटीप तरी काय द्यायची?

तर आता अशी अवस्था आहे. सलग चार सरी जास्त पडल्या, रोपं कुजायला लागली, कुणाच्या पडवीत पाणी शिरलं, की आमच्या अंगणात माणसं येऊन उभी राहतात. ताडपत्री तर त्यांनी कधीच नेली, कुणाच्या तरी लाकडांवर आहे. "सर, पाऊस लय झालाय. गाडी काढता ना?" ऊन असलं की मात्र काढू देत नाहीत, म्हणतात, उगाच पाऊस लांबेल. मागच्या सोमवारी छान कोरडा दिवस होता. म्हटलं, जरा हिरकणीवाडीपर्यंत फेरी मारून यावी. भागाआजी काठी घेऊन गोठ्याच्या दारात बसली होती.

पण मी माझ्या मुद्द्यावरून हललेलो नाही, हे लिहून घ्या. वाईट हवेत आपली आवडती गाडी बाहेर काढावी की नाही, हा निर्णय सर्वस्वी मालकाचाच असला पाहिजे. फक्त मालक कोण, यावर सध्या वाडीचं एकमत झालेलं आहे, आणि त्या बैठकीला मला बोलावलं नव्हतं.